दाढीच्या जागी उठणारे पुरळ: ओळख आणि काळजी
दाढीच्या भागात उठणारा प्रत्येक फोड मुरूम नसतो. दाढी केल्यानंतर एकदोन दिवसांत जबड्याखाली व गळ्यावर खाजरे, टणक पुरळ येत असेल, तर बहुधा कापलेल्या केसाचे अणकुचीदार टोक वळून पुन्हा त्वचेत शिरलेले असते. कुरळ्या केसांच्या पुरुषांना हा त्रास अधिक होतो. निरखून पाहिल्यास पुरळाखाली केसाचे काळे वेटोळे दिसते, पण ते नखाने कोरू नये, कारण त्याने डाग व संसर्ग दोन्ही वाढतात.

पुरळ बसेपर्यंत, साधारण ४ आठवडे, वस्तरा बाजूला ठेवावा आणि ट्रिमरने किमान १ मिलिमीटर केस राखावेत. पुढे दाढी करताना कोमट पाण्याने केस मऊ करून, कातडी न ताणता, केसांच्या दिशेनेच पाते फिरवावे. सलूनमध्ये उलटा वस्तरा नको, असे बसतानाच सांगावे, मग गाल तुळतुळीत झाला नाही तरी चालेल.

गुरांमध्ये वावरणाऱ्यांच्या दाढीत खपल्या धरून केस सहज निघू लागले, तर मात्र बुरशीची शंका घ्यावी. अशा वेळी परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने लाली दबते आणि बुरशी पसरत राहते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावे.