शिअरची दिशा उलटी येतेय? या चुका टाळा

महाराष्ट्रात भूशास्त्र शिकलेल्या पोरांची एक पंचाईत असते. पायाखाली बहुतेक ठिकाणी दख्खनचा बेसॉल्ट, त्यामुळे अनेकांना मायलोनाइट (शिअरने, म्हणजे दगडाचा एक भाग दुसऱ्यावरून सरकताना, चेपून ताणला गेलेला खडक) पहिल्यांदा भेटतो तो थेट हिमालयाच्या फील्डवर. अलकनंदेच्या खोऱ्यात हेलंगच्या आसपास रस्त्याकडेला कातळ दिसला की सगळे समोर उभे राहून ‘डेक्स्ट्रल’ (वरचा भाग उजवीकडे सरकलेला) म्हणतात आणि वहीत उतरवतात.

अहो, आधी पृष्ठ कोणतं ते तरी बघा! रस्त्यासाठी कापलेली बाजू तुमच्या सोयीने कापलेली नसते. फोलिएशनला (दगडातल्या पापुद्र्यांना) काटकोनात आणि लिनिएशनला (त्या पापुद्र्यांवरच्या खनिजांच्या रेघांना) समांतर असलेल्या पृष्ठावरच शिअर सेन्स, म्हणजे सरकण्याची दिशा, वाचायचा. लिनिएशनला आडव्या पृष्ठावर फेल्डस्पार खनिजाचे तेच डोळे (डोळ्याच्या आकाराचे दाणे) दोन्हीकडून सारखे दिसतात आणि ‘इथे शिअर नाही’ असं लिहून माणूस पुढे जातो. फोलिएशनच्या पापुद्र्यावर खनिजांच्या लांबट रेघा शोधा, त्यांची दिशा मोजा, मग हातोडा उचला.

वहीत ‘उजवीकडे’ हा शब्द नको. कातळाच्या पलीकडून बघणाऱ्याला तेच डावीकडे दिसतं. ‘वरचा भाग दक्षिणेकडे’ असं लिहा. कल कुठे आहे यावरूनही अंदाज बांधू नका. मेन सेंट्रल थ्रस्ट आणि साउथ टिबेटन डिटॅचमेंट हे हिमालयातले मोठे भ्रंश, दोन्ही साधारण उत्तरेकडे कललेले. पहिल्यात वरचा भाग दक्षिणेकडे सरकलेला, दुसऱ्यात मुख्यतः उत्तरेकडे.

एमएस्सीला असताना एका स्लाइडने (काचेवर चिकटवलेल्या दगडाच्या पातळ चकतीने) माझा आठवडा खाल्ला. फील्डवर एक दिशा, मायक्रोस्कोपखाली बरोबर उलटी. शेवटी कळलं, दगडाची चकती काचेवर पालथी चिकटवली होती. स्लाइड स्टेजवर कितीही फिरवा, सेन्स बदलत नाही. पालथी केली की बदलतो. तेव्हापासून नमुना फोडण्याआधी त्यावर मार्करने बाण आणि ‘वर’ लिहितो, चकतीलाही खाच पाडून घेतो.

सगळ्यात फसवी जागा एस-सी फॅब्रिकची, म्हणजे एकमेकींना तिरक्या दोन पातळ्यांच्या रचनेची. एस म्हणजे फोलिएशन, सी म्हणजे शिअरची पातळी. ही अक्षरं 1979 मध्ये फ्रेंच संशोधकांनी दिली. वरचा भाग उजवीकडे सरकला असेल तर एसच्या रेषा ढकललेल्या पत्त्यांच्या गड्डीसारख्या उजवीकडे झुकतात. पण कधी कधी सी-प्राइम नावाचे शिअर बँड (सरकण्याचे अरुंद पट्टे) असतात, ते नेमके उलट, उजवीकडे खाली उतरतात. त्यांनाच एस समजलात की उत्तर फिरलं. फरक साधा आहे: एस सगळ्या दगडात भरलेलं असतं, सी-प्राइम तुटक, बारीक, आणि जवळ येणाऱ्या फोलिएशनला वाकवून घेतं.

डोळ्यांच्या शेपट्याही तपासा: वरचा भाग उजवीकडे गेला असेल तर सिग्मा (σ अक्षरासारख्या शेपट्यांच्या) डोळ्याची उजवी शेपटी वरच्या अंगाला, डावी खालच्या. तडे जाऊन घसरलेल्या फेल्डस्पारवर मात्र माझा सर्वांत कमी भरवसा. ते तुकडे शिअरच्या दिशेनेही घसरतात, उलटही. आणि दहा डोळ्यांतले तीन विरुद्ध बोलत असतील तर ते तीनही वहीत मांडा, खोडू नका.