घरी डॅक बांधताय? या चुका टाळा

हजारो रुपयांची चिप, सोन्याचा मुलामा दिलेले आरसीए सॉकेट, आणि पॉवर सप्लाय मात्र अडगळीतल्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला. डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचं ॲनालॉग आवाजात रूपांतर करणारं यंत्र, बांधायला बसलेल्या नवख्याचं टेबल बहुतेकदा असंच असतं. चिपची डायनॅमिक रेंज तोंडपाठ असते, पण तिच्या ॲनालॉग सप्लायच्या पायावर (पिनवर) किती व्होल्ट पोचतात असं विचारलं की मीटर शोधायला सुरुवात होते. चुका त्याच त्या होतात. त्यातल्या दोन-तीन इतक्या महागात पडतात की त्यांच्याबद्दल सविस्तर बोललेलं बरं.

दुपारी गप्प, संध्याकाळी घरघर

आउटपुट स्टेजला (आवाज बाहेर देणाऱ्या शेवटच्या टप्प्याला) अधिक-उणे १५ व्होल्ट हवेत, म्हणून १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर आणला. पुढे ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे डायोड), प्रत्येक बाजूला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग ७८१५ आणि ७९१५ हे अधिक आणि उणे १५ व्होल्टचे रेग्युलेटर. पंधराला पंधरा, हिशेब जुळला. दुपारी डॅक सुरेख वाजतो. संध्याकाळी साडेसातला तेच गाणं लावलं तर मागे घरघर. मग केबल बदलून होते, यूएसबीची तार बदलून होते, तीन प्रकारचे ओपॲम्प (सिग्नल वाढवणाऱ्या चिप) लावून होतात, आणि शेवटी ‘या चिपचा आवाजच असा’ म्हणून बोर्ड विकायला निघतो. बोर्ड बिचारा निर्दोष असतो.

हिशेब पुन्हा मांडू. २३० व्होल्टवर १५ व्होल्टच्या वाइंडिंगचं शिखर २१.२ व्होल्ट. डायोडने ०.९ खाल्ले, उरले २०.३. लोड २०० मिलिॲम्प धरला तर १००० मायक्रोफॅरडवर रिपल (व्होल्टेजचा चढउतार) जवळपास २ व्होल्टचा, म्हणजे दरी, त्या चढउताराचा तळ, १८.३ वर. ७८१५ ला आत साधारण १७ व्होल्ट लागतात. दुपारी काम भागतं. आता संध्याकाळी मोटारी, मिक्सर, गीझर सुरू झाले आणि लाइन १९० वर आली. शिखर १७.५, डायोडनंतर १६.६, दरी १४.६. रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा बुडतो आणि तितक्याच वेळा वर येतो. तीच ती घरघर.

यावर केबल काही करू शकत नाही. ओपॲम्पला खरंच १५ व्होल्ट लागतात का, हे आधी विचारा. बहुतेकांना १२ पुरतात. त्याच ट्रान्सफॉर्मरवर ७८१२ आणि ७९१२ बसवा, कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरड करा, रिपल अर्ध्या व्होल्टच्या आत येतो आणि १९० व्होल्टलाही दोन व्होल्टचं अंतर शिल्लक राहतं. १५ च हवे असतील तर १८-०-१८ घ्या, पण मग रात्री दोनला लाइन २५० वर जाते तेव्हाचाही हिशेब करा. कपॅसिटरवर पावणेसत्तावीस व्होल्ट येतात. तिथे २५ व्होल्टचा कपॅसिटर लावलात तर तो एक दिवस फुगणार. ३५ चा लावा, आणि रेग्युलेटरला हीटसिंक द्या, कारण प्रत्येकी सव्वादोन-अडीच वॉट तापणार आहे.

मीटर रेग्युलेटरच्या आधी लावलात तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. डीसी रेंजवर तो सरासरी दाखवतो, दरी दाखवत नाही. म्हणून मीटरवर आत-बाहेर चार व्होल्टचं अंतर दिसल्याशिवाय समाधान मानू नये. आणि घरघर कसली आहे ते आधी ओळखा. मोबाइलवरचं कुठलंही फुकटचं स्पेक्ट्रम ॲप चालेल. ५० हर्ट्झचा खांब उंच असेल तर ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांचं बंद वळण) किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. १०० आणि त्याच्या पटीतले खांब असतील तर रेक्टिफायरच्या पुढचा भाग. दोन मिनिटांच्या या कामाने दोन महिने वाचतात, पण करायचा कंटाळा सगळ्यांना.

महागडा रेग्युलेटर, आणि पुढे वीतभर तार

ईएसएस ९०३८क्यू२एमसारख्या चिपमध्ये ॲनालॉगचे ३.३ व्होल्ट हाच आउटपुटचा रेफरन्स असतो. त्या रेषेवर जी कुजबुज असेल ती थेट आवाजात उतरते. हे वाचून लोक एलटी ३०४२ या कमी नॉइजच्या रेग्युलेटरचं तयार मॉड्यूल मागवतात. निवड चांगली आहे. १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झमध्ये ०.८ मायक्रोव्होल्ट नॉइज, याहून काय हवं. मग ते मॉड्यूल कॅबिनेटच्या कोपऱ्यात स्क्रूने बसवतात आणि १५ सेंटिमीटर तारेने चिपपर्यंत नेतात.

तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने सेंटिमीटरला १० नॅनोहेन्री. १५ सेंटिमीटरला १५० झालं. २५ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे चिपची वेळ ठरवणारा मुख्य ठोका, मास्टर क्लॉक, जिथे धावतो तिथे, हा अडथळा २३-२४ ओमचा होतो. शून्यवत इम्पिडन्सच्या रेग्युलेटरचे पैसे मोजले आणि मध्ये २४ ओम लावले. रेग्युलेटर चिपपासून दोन सेंटिमीटरच्या आत बसला पाहिजे, आउटपुटचा फीडबॅक पाय वेगळ्या ट्रेसने थेट आउटपुट कपॅसिटरवर गेला पाहिजे, आणि चिपच्या पायाशी १०० नॅनोफॅरड हवाच. डाव्या-उजव्या चॅनेलला वेगळा रेग्युलेटर देता आला तर उत्तम.

स्वतः सोल्डर करत असाल तर व्होल्टेज एकाच रेझिस्टरने ठरतं. आतून १०० मायक्रोॲम्प येतात, म्हणून ३३.२ किलोओम लावला की ३.३२ व्होल्ट. पोटाखालचा पॅड सोल्डर न करता ‘चालतंय की’ म्हणणारे पुष्कळ आहेत. तो पॅड ग्राउंडही आहे आणि उष्णता बाहेर नेणारी वाटही तीच.

क्लॉक चुकीच्या काठावर

हा सर्वांत आवडता गोंधळ, कारण इथे चूक करणारा माणूस अभ्यास करून चूक करतो. कॉम्प्युटरची घाण डॅकमध्ये येऊ नये म्हणून यूएसबी बोर्ड आणि डॅक यांच्यामध्ये डिजिटल आयसोलेटर (विद्युत जोड तोडून फक्त सिग्नल पलीकडे नेणारी चिप) घालतात. बरोबर आहे. पण क्लॉक तयार करणारे ऑसिलेटर राहतात यूएसबी बोर्डवर. म्हणजे एका पिकोसेकंदाच्या आतला जिटर (ठोक्यांच्या वेळेतली चूक) देणारा क्लॉक विकत घ्यायचा, आणि मग तो अशा आयसोलेटरमधून ढकलायचा जो स्वतःचे शेकडो पिकोसेकंद त्यात मिसळतो. नदी ओलांडताना घागर भरून घेतली आणि पलीकडे पोचेपर्यंत पाणी गढूळ.

ऑसिलेटर डॅक चिपच्या शेजारी, आयसोलेटरच्या स्वच्छ काठावर बसवायचे. दोन लागतात: ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या घराण्यासाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि ४८ च्या घराण्यासाठी २४.५७६. मास्टर क्लॉक इथून चिपला थेट जातो आणि त्याचीच एक शाखा आयसोलेटरमधून उलट यूएसबी बोर्डकडे जाते. बिट-क्लॉक, एलआर-क्लॉक (डावा-उजवा चॅनेल सांगणारा) आणि डेटा तिकडून आयसोलेटर ओलांडून येतात आणि फ्लिप-फ्लॉपमध्ये (ठोका पडल्यावरच बिट पुढे सोडणाऱ्या सर्किटमध्ये) मास्टर क्लॉकवर पुन्हा रांगेत उभे राहतात. आयसोलेटरने केलेली गडबड तिथेच संपते. ऑसिलेटरच्या तोंडाशी २२ ते ३३ ओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. तो तारेच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही.

यात एक तार हमखास विसरतात. सध्या कोणतं घराणं वाजतंय हे सांगणारी निवडीची रेषाही आयसोलेटरमधून यावी लागते. ती नसेल आणि २४.५७६ कायम चालू राहिला, तर सीडीवरचं ४४.१ चं गाणं ४८ च्या वेगाने वाजतं. वेग जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतो, पट्टी पाऊण स्वर चढते. कान तयार असलेला माणूस पहिल्या आलापात ओळखतो. बाकीचे ‘नव्या डॅकमध्ये आवाज कसा खुलला’ म्हणून आनंदात असतात.

दहा मेगाहर्ट्झचा बाहेरचा क्लॉक जोडायची हौस असते त्यांच्यासाठी एकच ओळ: १० मेगाहर्ट्झ हा २२.५७९२ चा पूर्णांकी भाग नाही, म्हणजे मध्ये पीएलएल (एका क्लॉकवरून दुसरा बनवणारं सर्किट) आला, आणि मग जिटर त्या पीएलएलचा. पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग चूक) आकड्यालाही भुलू नका. ५० पीपीएमची चूक म्हणजे १००० हर्ट्झच्या सुरात ०.०५ हर्ट्झ. क्लॉक निवडताना १० हर्ट्झ अंतरावरचा फेज नॉइज (ठोक्यांची बारीक थरथर) बघा.

यूएसबीच्या बाजूनेच आयसोलेशन करायचं असेल तर एडीयूएम ४१६० चं स्वस्त मॉड्यूल घेऊ नका. ते १२ मेगाबिटपर्यंतच जातं. हाय-स्पीडवर चालणारा डॅक एकतर दिसतच नाही, नाहीतर जुन्या मोडमध्ये २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर अडकतो.

ग्राउंडचे दोन तुकडे

ॲनालॉग ग्राउंड वेगळा, डिजिटल वेगळा, मध्ये फट, आणि त्या फटीवरून सरळ गेलेली बिट-क्लॉकची रेषा. परतीच्या करंटला खालून रस्ता नाही, म्हणून तो पूर्ण बोर्डाला वळसा घालून येतो, आणि वाटेत आउटपुट स्टेजला सोबत घेतो. अखंड ग्राउंड प्लेन ठेवा. डिजिटल भाग एका बाजूला, ॲनालॉग दुसऱ्या बाजूला, आणि कुठलीही वेगवान रेषा ॲनालॉगच्या अंगणातून नेऊ नका. फट पाडायचा मोह आवरला तर निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

ओपॲम्प बदलण्याचा छंद

सॉकेट लावून आज हा, उद्या तो. सिंगल आणि ड्युअल दोघेही आठ पायांचे असतात, एवढ्यावर ५५३४ च्या जागी ५५३२ बसवणारे आहेत. पाय वेगळे आहेत. सप्लाय चुकीच्या जागी जातो. वेगवान ओपॲम्प सॉकेटमध्ये लांब पायांवर मेगाहर्ट्झमध्ये डोलायला लागतो. ऑसिलोस्कोप नसेल तर बोट लावा. बोट टिकत नसेल तर तो ‘उघडा आवाज’ ऑसिलेशनचा आहे.

करंट आउटपुटच्या चिपला आणखी एक हिशेब असतो. पीसीएम १७९४ए चा करंट शून्याभोवती फिरत नाही. तो उणे २.३ ते उणे १०.१ मिलिॲम्पमध्ये फिरतो. आय-टू-व्ही (करंटचं व्होल्टेज करणाऱ्या) टप्प्यात ७५० ओम लावले तर आउटपुट १.७ पासून ७.६ व्होल्टपर्यंत जातं. कुणीतरी ‘बॅटरीवर स्वच्छ वाजेल’ म्हणून ओपॲम्पला अधिक-उणे ५ व्होल्ट देतो, आणि वरचा सगळा भाग कापला जातो. तबला आला की फाटतं. त्या रेझिस्टरवरचा २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर सीझीरोजी (किंमत स्थिर ठेवणारा सिरॅमिक) किंवा फिल्मचा हवा. दुकानात ‘सेमच आहे’ म्हणून एक्स७आर देतील. तो व्होल्टेजप्रमाणे आपली किंमत बदलतो, म्हणजेच डिस्टॉर्शन. एवढे कष्ट घेऊन शेवटी पाच रुपयांच्या कपॅसिटरपाशी हरू नये.

आवाजच येत नाही

रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि पीसीएम ५१०२ए या डॅक चिपचं जांभळं मॉड्यूल, ही पहिली पायरी बहुतेकांची. मॉड्यूलच्या पाठीवरचे चार पॅड सोल्डरने जोडलेले आहेत का ते भिंगातून बघा. त्यातला एक्सएसएमटी खाली ओढला गेला की चिप म्यूट राहते. रास्पबेरी पाय मास्टर क्लॉक देत नाही, म्हणून मॉड्यूलची एससीके (मास्टर क्लॉकची) पिन ग्राउंडला जोडा, मग चिप बिट-क्लॉकवरून स्वतःचा क्लॉक तयार करते. ती कुठेच न जोडता तरंगत ठेवली तर कधी वाजतं, कधी नाही. रास्पबेरी पायच्या बाजूने बिट-क्लॉक पिन १२, एलआर-क्लॉक ३५, डेटा ४०. तारा दहा सेंटिमीटरच्या आत, आणि ग्राउंडची तार सिग्नलच्या तारांना लगटून.

जोडताना

पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा सिरीज बल्ब लावूनच द्या. बल्ब क्षणभर उजळून विझला पाहिजे. ॲम्प जोडण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. १० मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल तर जोडू नका.

एक्सएलआर ते आरसीए अशा तयार केबलमध्ये पिन ३ अनेकदा पिन १ ला जोडलेली असते. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या बॅलन्स्ड आउटपुटला ती लावली की उणे बाजूचा ओपॲम्प थेट ग्राउंडला शॉर्ट होतो. पिन ३ मोकळी ठेवा.

विंडोज शेअर्ड मोडमध्ये सगळं एकाच सॅम्पल रेटवर आणतं. डॅकवर कायम ४८ दिसत असेल तर दोष डॅकचा नाही, प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड लावा. नव्या, जोरात मास्टर केलेल्या गाण्यांसाठी डिजिटल व्हॉल्यूम ३ डेसिबलने खाली ठेवा. दोन सॅम्पलच्या मधलं शिखर शून्याच्या वर जातं आणि चिपच्या फिल्टरमध्ये कापलं जातं.

सुरू करताना ॲम्प शेवटी, बंद करताना ॲम्प आधी, हे सगळे सांगतात. पण वीज जाते तेव्हा ती क्रम विचारून जात नाही. आउटपुटवर म्यूट रिले हवाच, आणि त्याची कॉइल रेग्युलेटरच्या पुढून चालवू नका. मोठे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत तो चिकटून राहतो आणि धप्प आवाज होऊन जातो. ट्रान्सफॉर्मरवरून वेगळा डायोड घ्या, त्यापुढे २२ ते ४७ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर, आणि त्यावर रिले. लाइट गेली की रिले आधी सुटतो, सप्लाय मागाहून पडतो.