पाच जणांच्या बँडसाठी एफ ट्युबा घेताना

आमच्या भागात वरातीत बेस म्हणजे अंगाला गुंडाळलेला सूझाफोन. डीजेशी गाठ असली की तोच हवा. पण साक्षगंधाच्या हॉलमध्ये दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन घेऊन बसलात की तो चौघांनाही गिळतो. तिथे एफ ट्युबा घ्या, म्हणजे मांडीवर धरून वाजवायचा पितळी बेस. एफ म्हणजे पेटीची पांढरी चार. नेहमीच्या मोठ्या बीबी-फ्लॅट ट्युब्याची नळी सुमारे १८ फूट, याची १२. हा काही नवा लाड नव्हे. १८३५ साली बर्लिनमध्ये पेटंट झालेला पहिला ट्युबा एफचाच होता.

बघायला जाताना पेटी सोबत न्या. जो-तो वरचे गोड सूर वाजवून बघतो, आणि तिथे बहुतेक ट्युबे बरेच वाटतात. खरी परीक्षा खर्जातल्या पांढऱ्या एकची. हा सूर एकट्या चौथ्या व्हॉल्व्हवर (व्हॉल्व्ह म्हणजे दाबली की जोडनळी उघडून नळी लांबवणारी कळ) निघतो, आणि रोटरी, म्हणजे फिरत्या व्हॉल्व्हच्या, एफ ट्युबांची जुनी खोड हीच, की इथे आवाज घशात अडकतो. पांढरी चारपासून एकेक सूर हळू उतरा. एकवर येताच फुंकर बदलावी लागली तर तो ट्युबा ठेवून द्या, कितीही चकचकीत असला तरी.

त्याच्याही खाली गेलात की चार व्हॉल्व्ह पुरत नाहीत. एका व्हॉल्व्हने नळी लांबली की दुसऱ्याची जोडनळी त्या मानाने आखूड पडते आणि सूर चढा लागतो. पाचवा व्हॉल्व्ह ही तूट भरतो; पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

पिस्टन, म्हणजे वरखाली सरकणारे व्हॉल्व्ह, की रोटरी? गावात राहत असाल तर माझं मत पिस्टनला. धूळ गेली की घरी काढा, धुवा, तेल द्या. रोटरी उघडायला जाणकार कारागीर लागतो, तो तालुक्याला मिळत नाही.

ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायला आतबाहेर ओढायची नळी, नीट बघा. मी माझा पहिला ट्युबा डिसेंबरात घेतला, तेव्हाच सूर जुळवायला स्लाइड जवळजवळ पूर्ण ओढावी लागत होती. मे महिन्यात ४५ अंशांत सूर आणखी चढला आणि ओढायला काही उरलंच नाही. पेटी खाली, मी वर, नवरीकडचे माझ्या तोंडाकडे बघताहेत!

जुना घेत असाल तर एखादा व्हॉल्व्ह न दाबता त्याच्या जोडनळीची स्लाइड ओढा, मग तो व्हॉल्व्ह दाबा. ‘फट्’ वाजलं तर हवा गळत नाही. माउथपीसजवळच्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले तर पितळ आतून खातंय.

आणि बोटं. बीबी-फ्लॅटवर काहीच न दाबता काळी पाच निघते, इथे पांढरी चार, त्यामुळे सगळी बोटं नव्याने बसवावी लागतात. माझा पहिला महिनाभर आमचे हॉर्नवाले भाऊ मान वळवून विचारायचे, “बोटं घरीच ठेवून आला का बे?”