जावास्क्रिप्टमध्ये नेस्टेड एलिमेंट शोधताना या चुका टाळा

दुसऱ्या एलिमेंटच्या आतला (नेस्टेड) एलिमेंट शोधताना सिलेक्टर, म्हणजे तो ओळखण्याची खूण, बरोबर वाटतो, तरी कन्सोलवर ‘नल’ (काहीच सापडलं नाही) येतं. अशा वेळी कोडशी झटापट करण्याआधी ब्राउझरच्या डेव्हटूल्सचा एलिमेंट्स टॅब उघडा. ‘व्ह्यू सोर्स’ नको. तिथे सर्व्हरने पाठवलेला मजकूर दिसतो. शोध चालतो तो ब्राउझरने त्यावरून बांधलेल्या डॉममध्ये, म्हणजे पानातल्या एलिमेंट्सच्या झाडात. टेबलमध्ये टीबॉडी लिहिला नसला तरी एचटीएमएल वाचताना ब्राउझर तो स्वतः घालतो, म्हणून ‘टेबल > टीआर’च्या हाती काही लागत नाही. ‘टेबल टीआर’ लिहा. पी टॅगच्या आत डिव्ह टाकलात, तर डिव्ह येताच पी बंद होतो आणि डिव्ह त्याच्या शेजारी जाऊन बसतो. मग ‘पी डिव्ह’ रिकामाच येणार.

सगळ्यात फसवी चूक वेगळीच आहे, कारण तिच्यात एरर येत नाही. एखाद्या एलिमेंटवर क्वेरीसिलेक्टरऑल (सिलेक्टरला जुळणारे सगळे एलिमेंट देणारी पद्धत) चालवलं की सिलेक्टर तिथूनच मोजला जातो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ब्राउझर सिलेक्टर अख्ख्या डॉक्युमेंटच्या संदर्भात जुळवतो आणि त्यातले त्या एलिमेंटच्या पोटातले तेवढे परत देतो. समजा, ‘मेनू’ हा व्हेरिएबल एका यूएलकडे बोट दाखवतो आणि तुम्हाला फक्त उपमेनूंमधले स्पॅन हवेत. मेनू.क्वेरीसिलेक्टरऑल('यूएल स्पॅन') लिहिलंत, तर वरच्या पातळीवरचे स्पॅनही येतात, कारण त्यांच्यासाठी ‘यूएल’ची अट खुद्द मेनूच पूर्ण करतो. उपाय एका शब्दाचा: ':स्कोप यूएल स्पॅन'. ‘:स्कोप’ म्हणजे ज्या एलिमेंटवर शोध चालवला तो. थेट मुलंच हवी असतील तर ':स्कोप > एलआय'. नुसतं '> एलआय' लिहिलं तर सिंटॅक्सएरर मिळते. ती परवडली, निदान चूक कळते तरी.

क्वेरीसिलेक्टर पहिलाच जुळणारा एलिमेंट देतो. त्यामुळे क्वेरीसिलेक्टर('.कार्ड').क्वेरीसिलेक्टर('.किंमत') ही साखळी फक्त पहिल्या कार्डात पाहते, त्यात किंमत नसेल तर दुसऱ्याकडे वळत नाही. सगळ्या किमती हव्यात तर क्वेरीसिलेक्टरऑल('.कार्ड .किंमत'). आणि त्यातून मिळालेल्या यादीवर, म्हणजे नोडलिस्टवर, क्वेरीसिलेक्टर चालवू नका, ती पद्धत तिथे नसते. आधी फॉरईच करा आणि प्रत्येक एलिमेंटमध्ये शोधा. मॅप किंवा फिल्टर वापरायचं असेल तर आधी यादीचा अ‍ॅरे करायला अ‍ॅरे.फ्रॉम लागेल.

गेटएलिमेंट्सबायक्लासनेमला क्लासचं नाव बिंदूशिवाय द्यायचं असतं. शिवाय त्याची यादी जिवंत असते, म्हणजे डॉम बदलला की तीही बदलते. शून्यापासून लूप चालवत एलिमेंट काढत गेलात तर उरलेले एकेक घर पुढे सरकतात आणि एकाआड एक सुटतात. शेवटाकडून उलट चला, नाहीतर क्वेरीसिलेक्टरऑल घ्या. त्याची यादी घेतल्यानंतर बदलत नाही.

आतल्या एलिमेंटपासून वर, बाहेरच्या एलिमेंटकडे जायचं तर क्लोजेस्ट. क्लिक बटणावर झालं तरी इव्हेंट.टार्गेट हा आतला आयकॉन असू शकतो, म्हणून इव्हेंट.टार्गेट.क्लोजेस्ट('बटन') लिहा. पॅरेंटएलिमेंट.पॅरेंटएलिमेंट अशी शिडी लावली, तर मधे एक डिव्ह वाढला की ती कोसळते. क्लोजेस्ट स्वतः त्या एलिमेंटपासूनच पाहायला सुरुवात करतं, हेही ध्यानात असू द्या: डिव्हवर क्लोजेस्ट('डिव्ह') म्हटलं तर तोच डिव्ह परत मिळतो.

एलिमेंट्स टॅबमध्ये एलिमेंट दिसतो, तरीही सापडत नाही? मग वर ‘शॅडो-रूट’ (एखाद्या एलिमेंटला जोडलेलं वेगळं, झाकलेलं डॉम) किंवा आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) आहे का पाहा. बाहेरचा शोध त्यांच्या आत शिरत नाही. शॅडो-रूट ओपन असेल तर होस्ट.शॅडोरूट.क्वेरीसिलेक्टर चालेल (होस्ट म्हणजे ज्याला ते जोडलंय तो एलिमेंट), क्लोज्ड असेल तर शॅडोरूट नल देतो. आयफ्रेम त्याच ओरिजिनची (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट तेच) असेल तर लोड झाल्यावर कंटेंटडॉक्युमेंटमधून शोधा.

राहिला वेळेचा प्रश्न. बाहेरच्या स्क्रिप्ट फाइलला डिफर लावा, म्हणजे पानाचं एचटीएमएल वाचून झाल्यावरच ती चालेल. एलिमेंट त्याहूनही उशिरा, सर्व्हरवरून डेटा आल्यावर तयार होत असेल, तर सेटटाइमआउटचे अंदाजी आकडे लावू नका. डॉममधले बदल कळवणारा म्यूटेशनऑब्झर्व्हर वापरा आणि चाइल्डलिस्टसोबत सबट्रीही ट्रू ठेवा, नाहीतर त्याला फक्त पहिल्या पातळीवरचे बदल कळतात. एलिमेंट सापडला की लगेच डिस्कनेक्ट करा.