पियानोचा सराव: सुरुवात डाव्या हातापासून

ठाण्यात पियानो शिकू लागणाऱ्यांपैकी ज्यांचा हात आधी पेटीवर बसलेला असतो, त्यांना पट्ट्या नव्याने ओळखाव्या लागत नाहीत; मात्र पेटीवर डावा हात भाता सांभाळत असल्यामुळे त्याच्या बोटांना स्वर वाजवण्याची सवय नसते, म्हणून रोजचा सराव त्याच हातापासून सुरू करावा. बोटांचे क्रमांक, अंगठा १ ते करंगळी ५, पहिल्यापासून पाळावेत.

नवीन धून एकेका हाताने, मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे साधन) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून, लहान तुकड्यांत वाजवावी. बोट अडखळल्यास पुन्हा आरंभापासून न वाजवता तेवढाच तुकडा आणखी संथ घ्यावा, कारण आरंभाकडे परतत राहिल्यास सोपा भागच पक्का होतो आणि अवघड जागा कच्ची राहते.

पियानोत पट्टी जितक्या वेगाने दाबली जाते, तितक्या वेगाने हातोडी तारेवर आदळते आणि त्यानुसार आवाज लहान-मोठा होतो. पेटीत असे होत नाही. त्यामुळे परवडत असेल तर साध्या कीबोर्डऐवजी ८८ वजनदार, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड लागणाऱ्या, पट्ट्यांचा डिजिटल पियानोच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या इमारतींत रात्री सराव करायचा, तर हेडफोन लावावेत. मनगट दुखू लागल्यास मात्र त्या दिवशी थांबावे.