पाठीवर सॅक, आणि झोप घरच्यासारखी

गडावर मुक्काम म्हणजे हाल सोसायचेच, असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. मला तो मान्य नाही. माझ्या पहिल्या मुक्कामात मी गडावरच्या देवळात नुसती चादर अंथरून झोपलो होतो. डिसेंबरची थंडी आणि खाली दगडी फरशी. रात्री दोनला उठून बसलो ते उजाडेपर्यंत तसाच. पुन्हा गेलो तो थेट पुढच्या वर्षी, मित्राने त्याची कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळून नेता येणारी फोमची चटई, दिली म्हणून. चढाने दमलेला माणूस पुन्हा येतो; रात्रभर कुडकुडलेला सहसा येत नाही. ज्याला वर्षानुवर्षं डोंगरात जायचंय, त्याने आरामाची तयारी आधी शिकून घ्यावी.

साताऱ्यात राहत असाल तर सुरुवात अजिंक्यताऱ्यापासून करा. सॅकमध्ये लिटर-लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या. पहिल्या रविवारी चार, पुढच्या रविवारी सहा, मग आठ. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. गुडघा कुरकुरायला लागला तर पाणी एखाद्या झाडाला घालायचं आणि मोकळ्या पाठीने उतरायचं. महिनाभर असं केलं की खांदे तयार होतात.

सॅक 45 ते 50 लिटरची पुरते. घेताना दुकानातच तिच्यात वजन टाकून चालून बघा. कमरपट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. आधी तो आवळायचा, मग खांद्याचे पट्टे. ओझ्याचा मोठा वाटा कमरेने उचलला की मान धरत नाही. झोपायचं सामान तळाला, जड वस्तू पाठीलगत मधोमध, रेनकोट सगळ्यात वर. एकूण ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा.

आता झोप. इथे पैसे आणि वजन, दोन्ही खर्च करा. थंडी वरून लागते त्याहून जास्त जमिनीतून चढते, म्हणून पांघरुणाआधी अंथरुणाचा विचार करायचा. साधी फोमची मॅट हलकी असते आणि फाटली तरी काम देते. पाठीचं दुखणं असेल तर हवा भरायची मॅट घ्या, फक्त अंथरण्याआधी जमिनीवरून हात फिरवून काटे-खडे वेचा. झोपताना दिवसभराचा घामट शर्ट बदलायचाच. कोरडा सुती टीशर्ट, त्यावर स्वेटर, लोकरीचे मोजे, कानटोपी. उरलेले कपडे पिशवीत भरले की उशी झाली. फार गारठा असेल तर गरम पाणी धातूच्या बाटलीत भरून, झाकण पक्कं लावून, बाटली मोज्यात घालून पायाशी घ्या. घोंगडी मला अजून प्रिय आहे, माणदेशातली, थोडी ओलसर झाली तरी ऊब धरणारी. पण ती जड पडते, त्यामुळे पायथ्याच्या गावात मुक्काम असेल तेव्हाच नेतो.

दुसरा आराम चहाचा. घरीच दूध पावडर, साखर, चहापूड, सुंठ आणि वेलदोडा एकत्र करून माणशी एकेक पुडी बांधा. पहाटे अंधारात डब्यांची शोधाशोध उरत नाही; पाणी उकळलं, पुडी सोडली, झालं. छोटी गॅस शेगडी वाऱ्याच्या आडोशाला लावा, तंबूच्या आत कधीच नाही. चूल पेटवू नका. उन्हाळ्याच्या तोंडाला गवत वाळलेलं असतं, आणि कड्यावर आग्यामोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात. त्याच कारणाने अत्तरही घरी ठेवा. जेवणाला पहिल्या दिवशी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम.

पायांची काळजी वारकऱ्यांकडून शिकावी. पालखी लोणंद-फलटणकडे असते तेव्हा संध्याकाळी मुक्कामावर बघा, जेवणाआधी माणसं पायांना तेल चोळत बसलेली दिसतील. आपणही मुक्कामी पोचल्याबरोबर बूट काढायचे, पाय धुऊन कोरडे करायचे, तेल लावायचं आणि हलकी चप्पल घालायची. मोज्यांचे दोन जोड हवेतच. कुठे चुरचुरलं की फोड यायची वाट न बघता लगेच पट्टी चिकटवा.

पहिल्या मुक्कामासाठी मी रायरेश्वर सुचवतो. वाईच्या बाजूने केंजळगड करून पुढे जाता येतं. पठारावर जंगम कुटुंबं राहतात, तिथे जेवणाची आणि झोपायची सोय होते. म्हणजे तंबू आणि शिधा वगळून निघता येतं. निघण्याआधी फोन करून ठेवा आणि मोबदला मोकळ्या हाताने द्या. कारण त्यांना सामान डोक्यावरून वर चढवावं लागतं. वासोट्याचा बेत मात्र एका दिवसाचाच करा. बामणोलीहून बोटीने जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, कारण तो कोयना अभयारण्यात आहे आणि गडावर मुक्कामाला बंदी आहे. पहिला मुक्काम पावसाळ्यात नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले.

घरी आल्यावर एक काम राहतं. सॅक जमिनीवर रिकामी करा आणि दोन ढीग घाला, वापरलेल्या वस्तूंचा आणि न वापरलेल्यांचा. औषधं, विजेरी आणि रेनकोट सोडून दुसऱ्या ढिगातलं पुढच्या वेळी नेऊ नका. वाचलेल्या वजनात आपल्या आवडीची एक वस्तू बसवा. माझ्या सॅकमध्ये आता अर्धा किलोची घडीची खुर्ची असते, आणि सूर्य मावळताना तिच्यात पाठ टेकवून बसलो की ते अर्धा किलो मला जड वाटत नाही. मॅट मात्र त्याच दिवशी उन्हात टाका. ओलसर गुंडाळून ठेवली तर पुढच्या मुक्कामात रात्रभर कुबट वास येतो.