श्रद्धेची किंमत मोजणारी ऐतिहासिक कादंबरी कशी लिहावी

गतकाळात घडणारी, प्रेम आणि उत्कंठा या दोन्हींना धरून चालणारी आणि जिच्या मुळाशी श्रद्धा आहे अशी कादंबरी लिहायला घेणारे बरेच जण हे तीन धागे वेगवेगळे कातून मग एकत्र विणू पाहतात. त्यातून पहिल्या प्रकरणात प्रार्थना, चौथ्यात भेट, सातव्यात खून आणि शेवटी पुन्हा प्रार्थना असा आराखडा तयार होतो, आणि त्यातली प्रार्थना वगळली तरी कथानकाचे काहीच बिघडत नाही. लेखनाला बसण्यापूर्वीची पहिली कसोटी हीच मानावी. नायिकेची श्रद्धा काढून घेतल्यावरही तिच्यापुढचे संकट तसेच राहत असेल आणि प्रियकराशी लग्न करण्यात कोणतीच नवी सोय किंवा अडचण निर्माण होत नसेल, तर श्रद्धा तिथे सजावटीपुरतीच उरली आहे असे समजून आराखडा पुन्हा मांडावा.

म्हणून कालखंड निवडताना पोशाख, गढ्या आणि घोडेस्वार यांच्या मोहात न पडता त्या काळचा कायदा पाहावा. कोणत्या श्रद्धेला बंदी होती, ती मोडल्यास कोणती शिक्षा होती आणि विवाहाची नोंद कोणाच्या हातात होती, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या काळात एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तो काळ या प्रकारच्या कादंबरीला मानवतो.

फ्रान्समधील ह्युगेनॉट प्रॉटेस्टंटांचा काळ यासाठी फार सोयीचा आहे. चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाने त्यांना मर्यादित धर्मस्वातंत्र्य दिले होते. ते चौदाव्या लुईने ऑक्टोबर १६८५ मध्ये रद्द केले. त्यांची प्रार्थनागृहे पाडली गेली, धर्मोपदेशकांना देश सोडण्यासाठी पंधरा दिवस मिळाले आणि सामान्य अनुयायांना मात्र देश सोडण्याचीच मनाई झाली. पळताना सापडलेल्या पुरुषांना वल्ह्यांच्या जहाजांवर जन्मठेपेला धाडले जाई, तर लपून परतलेला धर्मोपदेशक पकडला गेला की त्याला मृत्युदंड ठरलेला असे. कादंबरीकाराच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची बाब विवाहाची आहे. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी कॅथलिक पाद्र्याच्या वहीत होत असल्यामुळे, रानात किंवा डोंगरकपारीत गुप्त उपदेशकासमोर लागलेले लग्न कायद्याच्या लेखी झालेलेच नसे आणि त्या जोडप्याची मुले अनौरस ठरत. कायदेशीर लग्न हवे असेल तर पाद्र्यासमोर उभे राहणे आले, आणि तो आधी धर्मांतराची, निदान त्याच्या देखाव्याची, अट घालत असे. ही कोंडी १७८७ च्या फर्मानाने फुटली, म्हणजे तोवर शंभर वर्षे उलटून गेली होती.

आता या माहितीतून पेच कसा बांधावा ते पाहू. नायिका रेशमी मोजे विणणाऱ्या घरातली आहे आणि नायक एका नोटरीकडे कारकून आहे, असे धरू. अशी जोडपी पुष्कळदा नोटरीपुढे विवाहाचा करार करून ठेवीत, हे खरे. त्यांच्या करारातील मजकुरावरून लग्न गुप्त उपदेशकासमोर लागल्याचे ओळखू येते, असे आपण रचले. मग पुढे होणाऱ्या मुलांचा वारसा शाबीत करण्यासाठी तो कागद जपून ठेवणे भाग आहे, आणि उपदेशकाचा जीव वाचवण्यासाठी तोच कागद जाळणे भाग आहे. नायक जपू पाहतो, नायिका जाळू पाहते, आणि दोघांचेही कारण प्रेमच आहे. एवढे जमले की भांडणासाठी गैरसमज घडवून आणावे लागत नाहीत आणि पाठलागासाठी निष्कारण दुष्ट माणूस निर्माण करावा लागत नाही. वाचकाने कादंबरी हातातून खाली ठेवू नये म्हणून जी उत्कंठा लागते, ती या कागदाच्या घडीत आहे.

हाच शोध इतर प्रदेशांतही घेता येईल. जपानमध्ये १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि नागासाकी परिसरात संशयितांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. बंदीचे फलक १८७३ मध्ये उतरले. पत्नीला वाचवण्यासाठी पाय ठेवणारा आणि न ठेवणारा, असे दोन भाऊ कल्पिले तरी अर्धी कादंबरी समोर दिसू लागते.

अशा कथेत खून कोणी केला यापेक्षा खबर कोण देणार, हा प्रश्न अधिक ताण निर्माण करतो. खबऱ्याचे नाव वाचकापासून शेवटपर्यंत दडवण्याचा हट्ट मात्र धरू नये. खबऱ्या कोण हे वाचकाला मध्यावरच कळले आणि नायिका त्याच्याच स्वयंपाकघरात विश्वासाने बसलेली दिसली, तर साधे बोलणेही धडधड वाढवते. त्याला पैशांचा लोभ असण्यापेक्षा कैदेत पडलेला मुलगा असणे केव्हाही चांगले.

काळाचे तपशील हे या उत्कंठेचे खरे हत्यार आहे. घर्षणाने पेटणारी काडी इंग्लंडमध्ये १८२७ मध्ये विक्रीला आली, त्यामुळे १७३० च्या रात्री दारावर थाप पडली की कोणीही चटकन दिवा लावत नाही. चकमक झाडायची, ठिणगी कापसावर किंवा जळक्या चिंधीवर धरायची, फुंकायची आणि मग वात लावायची. तोवर दाराबाहेर कोण आहे हे अंधारात ओळखावे लागते. लेखकाने काडी ओढून दिवा लावला की एक चूक तर होतेच, शिवाय एक उत्तम प्रसंगही वाया जातो. पत्राला तेव्हा सहसा पाकीट नसे. कागदाचीच घडी घालून ती लाखेने बंद करीत, त्यामुळे ते कोणी चोरून वाचले का, याची खूण फुटलेल्या लाखेत मिळे.

तारखांकडे तर विशेष लक्ष द्यावे. फ्रान्सने डिसेंबर १५८२ मध्ये नवी, म्हणजे आज वापरात असलेली ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली, इंग्लंडने ती सप्टेंबर १७५२ पर्यंत स्वीकारली नाही, आणि इंग्लंडमधील कायदेशीर वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला सुरू होत असे. परिणामी लंडनला पळालेल्या भावाने पत्रावर ‘५ मार्च १७२९’ अशी तारीख घातली असेल, तर फ्रान्समधील, तेव्हा अकरा दिवस पुढे असलेल्या, हिशेबाने ते १६ मार्च १७३० ला लिहिलेले ठरते. हे पत्र पकडणाऱ्या अधिकाऱ्याने ते वर्षभर जुने समजून बाजूला टाकले, तर नायिकेला जी सवड मिळते ती योगायोगाची वाटत नाही. प्रत्येक प्रकरणासाठी वार, तारीख, चंद्राची कला, दोन गावांमधील अंतर आणि ते कापायला लागणारा वेळ असा एक तक्ता करून भिंतीवर लावावा. एवढे करूनही जमवलेल्या टिपणांपैकी फार थोडी कादंबरीत उतरतील, आणि ते योग्यच आहे.

प्रार्थनेचे प्रसंग हे या लेखनातील सर्वांत अवघड काम होय. ‘तिने डोळे मिटून देवाची आळवणी केली आणि तिच्या मनाला अपार शांती लाभली’ असे वाक्य लिहिणे सोपे आहे, पण त्यात लेखकाने निकाल सांगितला आणि प्रसंग वगळला. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘तिने स्तोत्राची पहिली ओळ ओठांतल्या ओठांत म्हटली. तिसऱ्या ओळीला तिच्या लक्षात आले की आपण शब्द म्हणत नसून गल्लीतल्या बुटांचे आवाज मोजत आहोत. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला मोजणी कुठे सुटली ते तिला कळलेच नाही.’ इथे शांतीचा शब्दही नाही. नायिका जे करते आहे तेवढेच वाचक पाहतो आणि तिच्या श्रद्धेचा अंदाज स्वतः बांधतो. ज्याची श्रद्धा निराळी आहे किंवा नाहीच, असा वाचकही अशा प्रसंगात तिच्याबरोबर राहतो.

दैवी साहाय्याचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. योगायोगाने पात्र संकटात पडले तर वाचक ते मान्य करतो. योगायोगाने सुटले तर फसवणूक झाल्यासारखे त्याला वाटते, मग लेखकाची स्वतःची श्रद्धा कितीही प्रामाणिक असो. म्हणून मदत माणसाच्या हातून यावी, त्या माणसाची तयारी आधीच्या प्रकरणांत झालेली असावी आणि मदत करताना त्याने स्वतः काहीतरी गमावलेले असावे. त्यात देवाचा हात होता की नाही, हे पात्रांनी आपसात ठरवावे. निवेदकाने मध्ये पडू नये. या बाबतीत खरा इतिहास फार कठोर आहे. मारी ड्युराँ या ह्युगेनॉट तरुणीला १७३० मध्ये दक्षिण फ्रान्समधील एग-मोर्त येथील कॉन्स्टन्स बुरुजात कोंडले गेले आणि तिची सुटका १७६८ मध्ये झाली. तिचा धर्मोपदेशक भाऊ १७३२ मध्ये माँपेलिए येथे फासावर गेला. धर्म सोडल्याचे सांगितले असते तर तिला बाहेर पडता आले असते. तिची पत्रे उपलब्ध आहेत, आणि ती वाचल्यावर शेवटच्या पानावर सर्वांना सुखरूप सोडवण्याची घाई आपोआप कमी होते. अशा खऱ्या व्यक्तींना कादंबरीत आणायचे असेल तर कडेला ठेवावे. त्यांच्या तोंडी कल्पित प्रेमसंवाद घालू नयेत.

समोरच्या पक्षाला सपाट करण्याचा मोह आवरावा. वही सांभाळणारा पाद्री मनापासून श्रद्धाळू असू द्यावा, आपण या मुलीचा आत्मा वाचवत आहोत असे त्याला खरोखर वाटू द्यावे, आणि त्याच्याही प्रार्थनेला एक प्रसंग द्यावा. खलनायक म्हणून तो अधिक भीतिदायक होतो, कारण त्याला लाच देऊन वळवता येत नाही.

प्रेमकथेबद्दल दोनच गोष्टी सांगतो. नायक अश्रद्ध असेल आणि शेवटच्या प्रकरणात नायिकेसाठी श्रद्धावान होत असेल, तर ते धर्मांतर लग्नाची फी भरल्यासारखे दिसते. त्याच्यात बदल घडायचाच असेल तर ती आपल्याला मिळणार नाही असे त्याला पक्के वाटत असताना घडावा. दुसरे म्हणजे भेटींना कामाचे निमित्त असावे: सुताची मोजणी, कागदाची नक्कल, आजाऱ्याची शुश्रूषा. एकांत दुर्मिळ असलेल्या समाजात, वहीवर वाकलेल्या दोन माणसांच्या बाह्या एकमेकींना लागल्या तरी ती घटना असते, आणि ती सावकाश लिहावी.

पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक प्रकरणाच्या समासात श्रद्धा, प्रेम आणि संकट यांपैकी काय पुढे सरकले याची खूण करावी. ज्या प्रकरणात एकच खूण पडते ते बहुधा शेजारच्या प्रकरणात विरघळवता येते. ज्यात एकही पडत नाही ते अभ्यासाच्या प्रेमापोटी लिहिलेले असते, आणि ते काढताना हात थरथरला तरी काढावे. पुस्तकाच्या अखेरीस एक छोटे टिपण जोडून कोणती माणसे, फर्माने आणि तारखा खऱ्या आहेत व कोणत्या गोष्टी आपण रचल्या, हे सरळ सांगावे, आणि दिनदर्शिकेतील फरक लक्षात घेऊन तारखा कोणत्या पद्धतीने दिल्या आहेत तेही तिथेच नोंदवावे.